पायातला मोजाही न काढता म्हणाले, पाय कापावा लागेल

बाबांच्या पायाच्या बलून अँजिओप्लास्टीत, म्हणजे अरुंद झालेली धमनी आतून फुगा फुगवून रुंद करतात त्यात, एका रुग्णालयाने आम्हाला सरळसरळ लुबाडलं. बिलात औषधाचा लेप असलेले २ बलून आणि १ स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवायची जाळी. वापरला १ बलून, तोही साधा. स्टेंट बसवलाच नाही. पाच महिने लाजेपोटी गप्प होतो.

बाबांना तीनशे मीटर चाललं की पोटरीत कळ यायची, दोन मिनिटं थांबलं की जायची. एबीआय, म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, ०.७२ आला. ०.९० किंवा त्याखाली आला की पायाची धमनी अरुंद झाली असं धरतात. पाय धोक्यात असलेल्यांचा आकडा बहुधा ०.४०च्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. रुग्णालयाच्या समन्वयकाने तो कागद पाहिला, घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाला, "आठवडाभरात पाय काळा पडेल. गुडघ्यापासून कापावा लागेल."

इथेच मला कळायला हवं होतं. बाबा समोर मोजे घालून बसले होते. कुणी मोजा उतरवला नाही, पावलावर बोट ठेवून नाडी पाहिली नाही, जखम आहे का, रात्री पाय दुखतो का, काही विचारलं नाही. विमा आहे का, एवढं मात्र दोनदा विचारलं. ते दृश्य आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. संमतीपत्रात कोणतं साहित्य वापरणार ती जागा कोरी होती, आणि मी सही केली. मी अडाणी नाही. पण बापाचा पाय कापायची गोष्ट कानावर पडल्यावर कागद वाचायचं भान कुणाला राहतं? खर्चाच्या ७० टक्के रक्कम त्याच संध्याकाळी भरून घेतली.

चार महिन्यांत कळ परत आली, आता दोनशे मीटरवरच. फुगवलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. स्टेंट धातूच्या जाळीचा असतो, तो दिसायला हवा. जाळी कुठेच नव्हती. बलूनच्या वेष्टणावर माप आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते नोंदीत चिकटवतात. भांडून नोंदीची प्रत मिळवली, तर त्यात एकच स्टिकर! तेव्हा स्टिकर आणि बिल एकमेकांशी ताडून बघा. प्रक्रियेचं चित्रीकरण घरी जायच्या आधी मागून घ्या.

तक्रार केली. रुग्णालयाचा तक्रार कक्ष म्हणे, बिलिंगला भेटा. बिलिंग म्हणे, डॉक्टरांना विचारा. विमा कंपनी म्हणे, दावा मंजूर झालाय, आता तुमची तक्रार कसली? अहो, पैसे तुमचेही गेलेत! वैद्यकीय परिषदेने प्रतिज्ञापत्र मागितलं, मग तीन प्रती, मग तेच कागद पुन्हा. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "पाय शाबूत आहे ना?"

अँजिओप्लास्टी वाईट नाही. जखम भरत नसेल, झोपेतही पाय दुखत असेल, तर ती पाय वाचवते. पाय अचानक गार आणि पांढरा पडला तर तासभरही थांबू नका. पण फक्त चालताना कळ येत असेल तर दुसरं मत घ्यायला वेळ असतो. तंबाखू बंद, औषधं, आणि आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे, कळ येईपर्यंत चालायचा व्यायाम आधी. बाबांना हे नव्या डॉक्टरांनी सांगितलं. काल ते चारशे मीटर न थांबता चालले. परिषदेचं उत्तर अजून तेच, "प्रकरण विचाराधीन आहे."