रनिंग फुटाचा दर सांगितला आणि बिल तिप्पट लावलं

खानापूर, बेळगाव, निपाणी, चंदगड या पट्ट्यात साउंडचा धंदा करणारे आणि त्यांना बॉक्स बनवून देणारे सुतार यांच्यासाठी लिहितोय. गणपतीच्या तोंडावर सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) प्लाय कापून घेणार असाल, तर आधी हे वाचा.

माझी ऑर्डर १५ इंची स्पीकरच्या २० बॉक्सची होती, १८ एमएम प्लायमध्ये. बेळगावजवळच्या एका सीएनसीवाल्याने व्हॉट्सॲपवर दर दिला: ‘१२ रु. रनिंग फूट’, म्हणजे कटाच्या लांबीच्या दर फुटाला १२ रुपये. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे एका बॉक्सला ५८० बाय ४४० एमएमचे चार आणि ४४० बाय ४४० चे दोन तुकडे लागतात. त्यांची कडा, स्पीकरचं भोक, पोर्ट (हवेचं भोक), हँडल, सगळं मिळून साधारण ४८ फूट कटिंग. २० बॉक्सचे ९६० फूट, म्हणजे ११,५२० रुपये.

बिल आलं ३४,५६० चं. कटिंगचंच, प्लाय वेगळा.

विचारलं तर म्हणाला, "मशीन तीनदा फिरूलालंय की दादा! १८ एमएम एका दमात कटतंय काय?"

आता यात खरं किती ते बघा. ६ एमएमचा बिट (मशीनचं कापायचं पातं) १८ एमएम प्लाय सहसा एकदम कापत नाही. सहा-सहा एमएम उतरत तीन पास (फेऱ्या) घेतो, हे बरोबर. पण १८ एमएमसाठी सांगितलेल्या दरात ते पास धरलेलेच असतात. नाहीतर फुटाच्या दराला अर्थच काय? वेळेचा हिशोब केला की हे उघडं पडतं. ४८ फूट म्हणजे साडेचौदा मीटर, तीन पासचे ४४ मीटर. मिनिटाला तीन मीटर फीड (बिट पुढे सरकायचा वेग) धरली तर एका बॉक्सला पंधरा मिनिटं, २० बॉक्सना पाच तास. शीट चढवणं-उतरवणं धरून सात तास म्हणू. पहिल्याच दराने मशीनला तासाला सोळाशेच्या वर सुटत होते. त्याच्या बिलाने जवळजवळ पाच हजार! बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लोखंडाचं जॉबवर्क करणाऱ्याला हा आकडा सांगा, तो हसेल.

दुसरी मेख शीटची. प्लायही त्याच्याकडूनच होता आणि बिलात १७ शीट लावल्या होत्या. आठ बाय चारच्या शीटमध्ये, म्हणजे २४४० बाय १२२० मध्ये, मोठे तुकडे दहा बसतात: आडवे दोन, उभे पाच. ८० तुकड्यांना आठ शीट. छोटे ४०, तेही दहा-दहा धरून चार. झाल्या बारा. वरच्या पाच शीट कुठे गेल्या? "वेस्टेज," म्हणे. मग तुकडे दाखव म्हटलं, तर ते भंगारात गेलेले.

मंडळाची तारीख डोक्यावर आणि कापलेला माल त्याच्या शेडमध्ये अडकलेला. ही माणसं नेमकी याच दिवसांत बिल फुगवतात. कटिंगचे शेवटी २६ हजारांवर तोडले, शीटचा एक पैसा सोडला नाही.

म्हणून मशीन चालू होण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या: "१८ एमएम आरपार कटिंग, सगळे पास धरून, बिटसकट." आणि टूलपाथचा, म्हणजे बिट कुठून कसा फिरणार त्या आखणीचा, स्क्रीनशॉट मागा. सॉफ्टवेअर त्यात अंदाजे वेळ दाखवतं, नेस्टिंगमध्ये (शीटवर तुकडे बसवायच्या मांडणीत) शीट किती ते दिसतं. खरा कारागीर हे दोन मिनिटांत पाठवतो. जो कुरकुर करतो त्याला फाइलच देऊ नका. उरलेले तुकडे आपले, हेही आधीच ठरवा, कॉर्नरच्या पट्ट्यांना कामी येतात.

बिलात १८ टक्के जीएसटी लावलेला, जीएसटी नंबर मात्र कुठेच नाही. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दुकानाचा नंबर २९ ने सुरू होतो, चंदगड-कोल्हापूरकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला, २७ ने. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं. कंपोझिशनवाला (छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेतला) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून हा कर घेताच येत नाही. नंबर मागितल्यावर आमच्या या भल्या माणसाने १८ टक्के मुकाट्याने खोडले.