कार्ट्रिजेस फोर प्लॅनेट आर्क: वेस्ट टोनरची बाटलीसुद्धा घेणारी सेवा

ऑस्ट्रेलियात ऑफिसचा कॉपिअर ज्यांच्या गळ्यात पडलेला असतो, त्यांच्यासाठी हा आढावा. ‘प्लॅनेट आर्क’ या पर्यावरण संस्थेची, प्रिंटर-कॉपिअरची रिकामी कार्ट्रिज गोळा करणारी ही सेवा तिथे 2003 पासून चालू आहे. ग्राहकाला ती फुकट पडते, कारण खर्च ब्रदर, कॅनन, क्योसेरा, कोनिका मिनोल्टा अशा उत्पादक कंपन्या उचलतात. घरची एकदोन कार्ट्रिज ‘ऑफिसवर्क्स’ या ऑफिस-सामानाच्या दुकानातल्या पेटीत टाकता येतात. कार्ट्रिजचा खप बरा असेल तर ऑफिसात पेटी मागवून घ्यावी आणि भरत आली की ती उचलून न्यायला सांगावं.

आमच्या मते तिची मोठी जमेची बाजू म्हणजे ती फक्त कार्ट्रिजवर थांबत नाही. कॉपिअरच्या टोनर (छपाईची पूड) बाटल्या, ड्रम युनिट (ज्यावर आधी पुडीने चित्र उमटतं तो दंडगोल), फ्यूजर (पूड तापवून कागदावर पक्की करणारा भाग) आणि मुख्य म्हणजे वेस्ट टोनरची बाटलीही ती घेते. एरवी ही बाटली सरळ केराच्या डब्यात जाते, कारण तिला कोणी कार्ट्रिज समजतच नाही. कागदावर न उतरता ड्रमवर राहिलेली पूड क्लीनिंग ब्लेड खरवडतं आणि ती या बाटलीत साठते. तिच्यात कागदाची धूळ असते, काही मशीनमध्ये टोनर ड्रमपर्यंत वाहून नेणारे ‘कॅरियर’ नावाचे लोहयुक्त कणही येतात. ही पूड पुन्हा टोनर म्हणून ओतण्याची काटकसर काही जण करतात. मग छपाईला करडी झाक येते, ड्रमवर ओरखडे पडतात आणि वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट दुरुस्तीत जातात.

पेटी भरताना घाई नको. जुनं कार्ट्रिज नव्याच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा. वेस्ट बाटलीला झाकण बहुधा बाजूलाच अडकवलेलं असतं. ते तोंडावर घट्ट दाबा आणि बाटली उभीच ठेवा. आडवी पडली तर पेटीचा तळ काळा होतो, उचलणाऱ्याचे हातही. पेटीत कागद, बॅटऱ्या, कॉफीचे पॉड टाकू नका, पुढची छाननी त्यानेच अडते.

पूड सांडलीच तर घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. टोनरचे कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचे असतात. ते साध्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर पसरतात, शिवाय बारीक धूळ मोटरच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. टोनरसाठीचा खास व्हॅक्यूम नसेल तर ओलसर फडक्याने हलकेच टिपा. पाणी गारच हवं. टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकच, गरम पाण्याने तो मऊ होऊन कपड्याला कायमचा चिकटतो.

गोळा झालेला माल मेलबर्नच्या ‘क्लोज द लूप’ कंपनीकडे जातो. तिथे धातू आणि प्लास्टिक वेगळं होतं, आणि उरलेला टोनर मऊ प्लास्टिकसोबत (पिशव्या, वेष्टनं) ‘टोनरप्लास’ नावाच्या डांबर-मिश्रणात जातो. मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरात 2018 मध्ये असा सुमारे 300 मीटर रस्ता झाला. त्यात 4,500 हून अधिक कार्ट्रिजमधला टोनर वापरला गेला.

आता उणिवा. पहिली, कार्ट्रिज पुन्हा भरून वापरणं हा रिसायकलिंगच्या आधीचा आणि बरेचदा अधिक चांगला मार्ग. ही सेवा मात्र मुख्यतः वस्तू तोडून माल वेगळा करते. दुसरी, सगळा डोलारा एकाच प्रक्रिया करणाऱ्यावर उभा आहे. 2022 मध्ये क्लोज द लूपच्या कारखान्याला आग लागली, टोनरप्लाससाठी मऊ प्लास्टिक घेणं बंद झालं आणि सुपरमार्केटातून ते गोळा करणारी रेडसायकल योजना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थांबली. तिसरी, पैसे सहभागी ब्रँड देतात, त्यामुळे स्वस्त ‘कंपॅटिबल’ (प्रिंटरच्या कंपनीची नसलेली, पण त्यात बसणारी) कार्ट्रिज वापरणाऱ्यांनी पेटी मागवण्याआधी ब्रँडची यादी पाहावी.

तुमच्या ऑफिसची शाखा पुण्यात असेल तर ही पेटी तिथे मिळणार नाही. भारताच्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर कार्ट्रिजसकट आहेत, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर वापर करणाऱ्या संस्थांनी हा माल नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारे किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यायला हवा. भंगारवाल्याला द्यायचा नाही. माल दिल्याची पावती मागा आणि तिच्यावर वेस्ट टोनर बाटल्यांची संख्या वेगळी लिहून घ्या.