फुल, डिफरन्शियल की इन्क्रिमेंटल: मोठ्या डेटाबेससाठी बॅकअपची रचना निवडताना

बॅकअप धोरणाच्या कागदावर बॅकअप कधी आणि कुठे घ्यायचा हे सविस्तर लिहिलेले असते. तो रिस्टोअर करायला, म्हणजे त्यातून डेटा परत उभा करायला, किती वेळ लागेल आणि त्या वेळी कोणकोणत्या फायली हाताशी असाव्या लागतील, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. रचनांची तुलना खरे तर याच टोकाकडून करायला हवी. त्याआधी दोन आकडे ठरलेले असावेत: किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल, म्हणजे आरपीओ, आणि यंत्रणा किती वेळ बंद राहिली तर चालेल, म्हणजे आरटीओ. हे आकडे आयटी विभागाने अंदाजाने भरू नयेत. नुकसान ज्यांना सोसावे लागणार आहे त्यांच्याकडूनच ते घ्यावेत.

उदाहरणादाखल २ टेराबाइटचा एक डेटाबेस घेऊ. त्यात रोज ८० जीबी डेटा बदलतो, बॅकअप पहाटे १ वाजता होतो, फुल बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, रविवारी असतो आणि शुक्रवारी दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी डेटा डिस्क निकामी होते. रिस्टोअरचा वेग सेकंदाला २०० एमबी धरला, तर एकटा फुल बॅकअप चढवायलाच पावणेतीन तास लागतात. ज्यांचा आरटीओ दोन तासांचा आहे, त्यांच्यासाठी पुढची चर्चा इथेच संपते. त्यांना स्टँडबाय (तयार ठेवलेला दुसरा) सर्व्हर किंवा स्नॅपशॉट (स्टोरेजची त्या क्षणाची प्रतिमा) यांपैकी काहीतरी जोडीला घ्यावेच लागेल.

रोज फुल बॅकअप घेतल्यास आठवड्याला १४ टेराबाइट जागा लागते, पण रिस्टोअरच्या वेळी लॉगखेरीज (लॉग म्हणजे डेटातील प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) एकच फाइल पुरते. रविवारी फुल आणि इतर दिवशी डिफरन्शियल, म्हणजे शेवटच्या फुलनंतर बदललेला सगळा डेटा, घेतल्यास, दररोज डेटाचे वेगळेच ब्लॉक बदलतात असे धरले तरी, जास्तीत जास्त ३.६८ टेराबाइट लागतात. इतर दिवशी इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त आदल्या बॅकअपनंतरचे बदल, घेतल्यास २.४८ टेराबाइटमध्ये भागते. म्हणजे डिफरन्शियलऐवजी इन्क्रिमेंटल घेतल्याने वाचते ती जेमतेम सव्वा टेराबाइट जागा. शुक्रवारी रिस्टोअर करताना डिफरन्शियलची ४०० जीबीची एक फाइल लागते, तर इन्क्रिमेंटलच्या ८० जीबीच्या पाच. वाचायचा डेटा सारखाच. फरक पडतो तो साखळीत. बुधवारची इन्क्रिमेंटल फाइल खराब निघाली तर गुरुवार आणि शुक्रवारच्या फायलींचा उपयोग उरत नाही, आणि मंगळवारनंतरचे सर्व लॉग जपलेले असतील तरच पुढे सरकता येते. एवढ्या बचतीसाठी ही जोखीम मला पटत नाही. डेटाबेस पन्नास टेराबाइटचा असेल आणि रात्रीची मोकळी वेळ अपुरी पडत असेल, तर गणित अर्थातच बदलते.

ही निवड नेहमी आपल्या हाती असतेच असे नाही; कोणते डेटाबेस सॉफ्टवेअर वापरतो यावरही ती अवलंबून असते. एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या बॅकअपमध्ये फुल, डिफरन्शियल आणि लॉग हेच मुख्य प्रकार आहेत. पोस्टग्रेसमध्ये इन्क्रिमेंटलची सोय मूळ साधनांत आली ती २०२४ च्या १७ व्या आवृत्तीपासून. ओरॅकलच्या आरमॅन या बॅकअप साधनात तर नावांचाच गोंधळ आहे: तिथे ज्याला ‘डिफरन्शियल इन्क्रिमेंटल’ म्हणतात ते इतरांचे इन्क्रिमेंटल असते, आणि इतरांचे डिफरन्शियल तिथे ‘क्युम्युलेटिव्ह’ या नावाने मिळते. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल दोन्ही वापरणाऱ्या संस्थेने धोरणात नुसता ‘डिफरन्शियल’ हा शब्द लिहिला, तर दोन चमू त्याचे दोन अर्थ लावतील.

तिन्ही रचनांमध्ये लॉगचा बॅकअप नसेल तर आरपीओ चोवीस तासांचाच राहतो. दर १५ मिनिटांनी लॉग घेतल्यास आपल्या उदाहरणात पहाटे १ ते दुपारी २.३० या वेळेतल्या ५४ फायली ओळीने चढवाव्या लागतील आणि नुकसान शेवटच्या दहा मिनिटांपुरते राहील. लॉगची डिस्क शाबूत असेल तर बहुधा तेही टळेल. अंतर १५ वरून ५ मिनिटांवर आणल्याने लॉगचा एकूण आकार फारसा वाढत नाही, फक्त फायलींची संख्या वाढते. त्यामुळे ही सुधारणा स्वस्तात पदरात पडते.

स्नॅपशॉट काही सेकंदांत होतो आणि तितक्याच वेगाने परत मिळतो, परंतु तो त्याच स्टोरेजवर असेल तर स्टोरेजसोबतच जातो. रेप्लिकाची, म्हणजे मूळ डेटाबेससोबत सतत अद्ययावत होणाऱ्या दुसऱ्या प्रतीची, गत वेगळी: चुकून दिलेली टेबल पुसण्याची आज्ञा तिच्याकडेही तितक्याच तत्परतेने पोहोचते. क्लाउडवरील व्यवस्थापित सेवांमध्ये वेळापत्रकाची कटकट नसते. अझूर एसक्यूएल डेटाबेस आठवड्याला फुल, १२ किंवा २४ तासांनी डिफरन्शियल आणि साधारण दर १० मिनिटांनी लॉग स्वतःच घेतो. मात्र हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाण्याची मुदत तिथे आणि ॲमेझॉन आरडीएसमध्येही ३५ दिवसांपलीकडे जात नाही. नोंदी अनेक वर्षे जपण्याचे कायदेशीर बंधन असेल तर त्याची तरतूद निराळी करावी लागते.

बॅकअप किती काळ ठेवायचे, हे आरमॅनमध्ये प्रतींच्या संख्येवर किंवा दिवसांच्या मुदतीवर ठरवता येते. संख्या सोपी वाटते, पण ‘तीन प्रती’ असा नियम असताना कोणी एखाद्या अपग्रेडच्या दिवशी हाताने तीन फुल बॅकअप घेतले, तर आदल्या आठवड्याच्या प्रती कालबाह्य ठरतात आणि रात्रीची साफसफाई त्या पुसून टाकते. म्हणून मुदतीचा नियम बरा.

हाताने घेतलेला बॅकअप एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणखी एका प्रकारे अंगाशी येतो. मंगळवारी एखाद्या डेव्हलपरने चाचणीसाठी ‘कॉपी ओन्ली’ (नेहमीच्या बॅकअपांच्या क्रमाला धक्का न लावता प्रत घेणारा) हा पर्याय न वापरता फुल बॅकअप घेतला आणि काम झाल्यावर ती फाइल पुसली, तर त्यानंतरचे सगळे डिफरन्शियल त्या हरवलेल्या फाइलवर आधारलेले असतात. रविवारच्या फुलवर ते चढत नाहीत. लॉगची साखळी यात तुटत नाही, त्यामुळे रविवारपासूनचे लॉग ठेवले असतील तर सुटका होते. डिफरन्शियल आहे म्हणून जुने लॉग लवकर पुसण्याचा मोह धोरणातच आवरावा तो यासाठी.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा रोजचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे होतच नव्हता, हे त्या दिवशी कळले. शेवटी सुमारे सहा तास जुना स्नॅपशॉट कामी आला. यासाठी रिस्टोअरची चाचणी धोरणात तारखेसह असावी, आणि ती मूळ सर्व्हरवर घेऊ नये. डेटाबेस टीडीईने (फायली आपोआप एन्क्रिप्ट करणाऱ्या सोयीने) एन्क्रिप्ट केलेला असेल तर तो उघडण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मूळ सर्व्हरवर आधीच असल्यामुळे चाचणी दर वेळी यशस्वी होते. ते प्रमाणपत्र आणि त्याची खाजगी किल्ली कोणी वेगळी जपलेलीच नाही, ही गोष्ट कोऱ्या सर्व्हरवरच उघडकीस येते.