कराटेचा पांढरा ड्रेस आणि कोकणातला लाल रस्ता

रत्नागिरी-चिपळूणकडे स्पोर्ट्सच्या दुकानात कराटेचा ड्रेस मागितला की साधारण तीन प्रकार पुढे येतात. क्लासवाले देतात तो टेरिकॉटचा (पॉलिस्टर आणि सूत मिसळलेला), जाड सुती कॅनव्हासचा आणि स्पर्धेसाठीचा जाळीदार पॉलिस्टरचा. विकणारा तिन्हींचं कौतुक मॅटवरच्या कामगिरीवरून करतो. पण कोकणात या कपड्याचे खरे हाल होतात ते घर ते क्लास या वाटेवर: स्कूटरच्या मागच्या सीटवर, एसटीत, सहा आसनीत, आडव्या पावसात. म्हणून इथे मोजमाप त्या वाटेचं लावलं आहे. त्या हिशेबाने स्वस्तातला टेरिकॉट पहिला येतो, कॅनव्हास दुसरा, आणि जाळीदार ड्रेस अंगावर घालून घराबाहेर पडूच नये.

मुळात हा रस्त्यावरचा कपडाच नव्हे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि पुढे ज्युदोसोबत ओढाताण सोसणारा जाड अंगरखा रूढ झाला. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाचं कराटे तोक्योत दाखवायला आले, त्यानंतर कराटेने तोच अंगरखा हलका करून उचलला. कराटेत कॉलर धरून आपटणं कमी, म्हणून कापड पातळ चाललं. आपल्याकडची जवळची उपमा बाराबंदीची: पल्ल्यावर पल्ला, बाजूला बंद, आणि खिसा एकही नाही. खिसा नसल्याचं दुकानात कोणाच्या ध्यानात येत नाही. कंडक्टर समोर उभा राहिला की येतं.

आता टेरिकॉट. कापडाची जाडी चौरस यार्डामागच्या वजनावरून, औंसात सांगतात. ८ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण २७० ग्रॅम, १२ औंस म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. क्लासमधून मिळणारा ड्रेस ८ औंस किंवा त्याहून हलका असतो आणि बहुधा हजाराच्या आत येतो. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे जुलैतही पिळून पंख्याखाली टाकला तर सकाळपर्यंत सुकतो. आटत नाही, इस्त्री मागत नाही. क्लास आठवड्यातून तीन दिवस असेल तर एका जोडावर भागतं, आणि पावसाळ्यात ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याचे दोष मात्र ठरलेले. पहिला, भिजला की आरपार दिसतो. आत रंगीत काही असेल तर ते सगळ्या स्टँडला कळतं. आत पांढरी किंवा अंगाच्या रंगाची चड्डी आणि साधा पांढरा टी-शर्ट हवाच. मुलींना स्पर्धेतही जॅकेटखाली साधा पांढरा टी-शर्ट चालतो, त्यामुळे त्यात नियमाची आडकाठी नाही. दुसरा दोष घामाच्या वासाचा. पॉलिस्टरमध्ये घामाचे तेलकट अंश अडकतात, नुसत्या पाण्याने निघत नाहीत. घरी आल्यावर ड्रेस पिशवीतच राहिला तर दुसऱ्या दिवशी साबणही हात टेकतो. तिसरा दोष शिलाईचा. पँट जांघेत उसवते, जॅकेट बाजूच्या कटाच्या टोकाशी. घेतानाच पँट उलटी करून पाहावी: जांघेत चारही शिवणी एका बिंदूत मिळत असतील तर पहिल्या उंच किकला निकाल लागतो. तिथे वेगळा चौकोनी जोड लावलेला असेल तर पँट टिकते. जोड नसेल तर ओळखीच्या टेलरकडून वापरायच्या आधीच दुहेरी टीप मारून घ्यावी. नुसत्या इलॅस्टिकची पँटही टाळावी. इलॅस्टिक सैल पडलं की बेल्ट काही पँट धरत नाही, तो जॅकेटवर असतो. इलॅस्टिकसोबत नाडी असलेली बघावी.

सुती कॅनव्हासचा ड्रेस मॅटवर राजा आहे. घाम शोषतो, अंगाला चिकटत नाही, पंच मारला की बाहीचा फट्ट आवाज येतो. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करणाऱ्यांना तो आवाज हवा असतो, आणि परीक्षकांना तो ऐकू येत नाही असं कोणी म्हणत नाही. पण मोठ्या माणसाचा १२ औंसचा जोड कोरडाच किलोच्या पुढे जातो. पावसात भिजला की खांद्यावर ओझं. पडवीत दांडीवर टाकला तर बाहेरून सुकल्यासारखा लागतो, कॉलर आणि बाहीचा काठ मात्र ओलाच राहतो, कारण तिथे कापडाचे बरेच थर शिवलेले असतात. बुरशीचे काळे ठिपके नेमके तिथून सुरू होतात, आणि एकदा धाग्यात शिरले की जात नाहीत. उपाय असा: आधी उलटा करून टाकायचा, कॉलर उभी करून वारा लागू द्यायचा, आणि शेवटी कॉलर व काठांवरून गरम इस्त्री फिरवायची. चुलीवरच्या दांडीवर सुकवण्याचा मोह टाळावा. ड्रेस सुकतो, पण पांढऱ्याचा पिवळट होतो आणि सगळ्या क्लासला धुराचा वास येतो. समुद्राला लागून घर असेल तर खारी हवा कापडावर बसते, मीठ ओल ओढतं आणि धुतलेला ड्रेस कपाटातही दमट लागतो. पावसाळ्यात हा ड्रेस घ्यायचा तर दोन जोड लागतात. एवढा खर्च नसेल करायचा तर तो दिवाळीनंतर घ्यावा.

जाळीदार ड्रेसबद्दल थोडक्यात. कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, तो हलका आणि मोकळा वाटतो. बाहेर मात्र जाळी करवंदाच्या एका काट्यात अडकली तरी धागा ओढला जातो, आणि बॅगेच्या पट्ट्याने खांद्यावर गोळे येतात. किंमतही जास्त. स्पर्धेच्या ठिकाणी जाऊन बदलावा.

लाल चिखल हा सगळ्यांचा समाईक शत्रू. जांभ्याच्या मातीत लोहाचा गंज असतो, म्हणून तिचा डाग साध्या धुळीसारखा वागत नाही. स्कूटरच्या मागच्या चाकाचे शिंतोडे पँटच्या पोटऱ्यांवर बसले की लोक घाईने ओले करून चोळतात. चोळल्याने माती धाग्यात खोल जाते. चिखल पूर्ण वाळू द्यावा, कोरड्या ब्रशने झाडावा, मग गार पाण्यातून काढून साबणात तासभर भिजवावा. उरलेल्या तांबूस छटेवर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावं. गंजाला आम्ल सोडवतं, ब्लीच सोडवत नाही, उलट डाग पक्का करू शकतं. लिंबू लावलेल्या कापडावर ब्लीच ओतणं तर धोक्याचं, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग मात्र सोडून द्यावा. एप्रिल-मेच्या शिबिरात बोंडं खाताना जॅकेट काढून ठेवणं हाच उपाय. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर वाळूत सराव असेल तर तिथली काळी बारीक वाळू कॉलरच्या शिवणीत आणि पँटच्या दुमडीत साठते. ती ओल्यात निघत नाही. वाळल्यावर उलटा करून झटकावा, मग धुवावा.

वाटेवर काय घालावं? पँट आणि टी-शर्ट अंगावर, जॅकेट आणि बेल्ट बॅगेत. यात गावची नजर हा एक भाग आहे. पूर्ण ड्रेसमधल्या पोराला नाक्यावर “काय रे ब्रूस ली” ऐकावंच लागतं. (ब्रूस ली कुंग फूचा माणूस, त्याला कराटेचा ड्रेस चिकटवायची आपली सवय जुनी.) एखादा गंमत म्हणून “दाखव बघू एक किक” म्हणतो आणि लहान मुलं खरंच दाखवतात. पण मोठं कारण स्वच्छतेचं आहे. एसटीच्या सीटवरची आणि स्कूटरवरची धूळ घेऊन तोच ड्रेस मॅटवर जातो, जिथे सगळे अनवाणी असतात. बेल्ट तर रस्त्यावर बांधूच नये, अनेक शिक्षक हे पहिल्या दिवशीच सांगतात. शिष्टाचार बाजूला ठेवला तरी लोंबती टोकं स्कूटरच्या चाकाजवळ नकोतच.

जॅकेट घालूनच जायचं असेल तर वर पातळ विंडचीटर चढवावा आणि आतले बंद बांधावेत. बंद न बांधता नुसत्या बेल्टवर भरवसा ठेवला की बसमध्ये वर हात करताच पल्ले सुटतात. डावा पल्ला वर, उजवा खाली. जपानात उलटा पल्ला मृताला नेसवतात, त्यामुळे चूक जाणत्याच्या लगेच डोळ्यात भरते. बाह्या दुमडण्याची सवयही रस्त्यावरच लागते. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत दुमडलेली बाही चालत नाही, त्यामुळे बाही लांब असेल तर कापून शिवून घ्यावी.

२६ जानेवारीचं संचलन किंवा शोभायात्रेतली प्रात्यक्षिकं असली की पूर्ण ड्रेसला पर्याय नसतो. तिथे जुना टेरिकॉटच न्यावा. डांबरावर अनवाणी चालवू नये, प्रात्यक्षिकाच्या जागेपर्यंत चपला असू द्याव्यात. शिमग्याच्या दिवसांत गुलाल पडला तर पाणी न लावता आधी कोरडाच झटकावा.

मापाचं गणित सेंटिमीटरमध्ये असतं. लेबलवर १३०, १४०, १५० म्हणजे घालणाऱ्याची उंची. काही कंपन्या ०, १, २ असे आकडे देतात, पण ते कंपनीगणिक बदलतात, म्हणून उंचीचाच आकडा विचारावा. टेरिकॉट उंचीइतका घ्यावा. सुती कापड आधी आटवलेलं नसेल तर एक माप वरचं घ्यावं आणि दोनदा धुतल्यावरच लांबी कमी करावी, आधी नाही. पँट घोट्याच्या हाडाच्या खाली जाऊ नये, नडगीचा किमान दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे. जॅकेट नितंब झाकणारं हवं. वाढत्या वयाच्या मुलाला चार बोटं लांब पँट घेऊन आत दुमड शिवून ठेवता येते, वर्षभराने उसवायची. दुकानात नुसतं आरशासमोर उभं राहू नये. खाली बसून, गुडघा छातीपर्यंत उचलून पाहावं.

बेल्टची लांबी म्हणजे कमरेच्या घेराची दुप्पट आणि वर साधारण ९० सेंटिमीटर. नवा रंगीत बेल्ट ड्रेससोबत बादलीत टाकू नये. नारिंगी आणि लाल हमखास रंग सोडतात, आणि गुलाबी झालेल्या जॅकेटवर निळीचाही इलाज चालत नाही. पावसात बेल्ट भिजला तर घडी न घालता सरळ लोंबता सुकवावा, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत पांढऱ्या जॅकेटवर बांधू नये.