यूबीसीची एएमएस : दोन टर्म फी भरल्यावर हाती काय लागतं

व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात (सगळे यूबीसीच म्हणतात) प्रवेश घेतला की फीच्या बिलात शिकवणी शुल्काखाली दहा-बारा बारीक ओळी दिसतात. त्यातल्या बहुतेक ‘अल्मा मॅटर सोसायटी’ म्हणजे एएमएस या विद्यार्थी संघटनेच्या असतात. पुण्या-मुंबईहून आलेला विद्यार्थी त्या ओळी वाचतच नाही. घरचे एकूण रक्कम बघतात आणि पैसे पाठवतात. पैसे तर जातातच, पण त्या बदल्यात मिळणाऱ्या निम्म्या सेवा तारीख ओळखून स्वतः मागितल्याशिवाय मिळत नाहीत. सप्टेंबर ते एप्रिल अशा दोन टर्म या सेवा वापरल्यावर जे कळतं ते इथे दिलं आहे. थोडा इतिहासही आहे, कारण तो माहीत नसेल तर ‘मी बसने जातच नाही, मग पाससाठी पैसे का भरू?’ या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थी संसदेची कल्पना इथे उपयोगाची नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका जाऊन गुणवत्तेवर नेमणुका आल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुका पुन्हा कागदावर आणल्या, तरी विद्यार्थी परिषद म्हटलं की गॅदरिंग आणि युवा महोत्सव हेच डोळ्यांपुढे येतं. एएमएस ही मात्र स्वतंत्र नोंदणीची संस्था आहे. तिची स्वतःची इमारत आहे, उपाहारगृहं आहेत, पगारी नोकर आहेत आणि कर्जही आहे. नाव कॅनडातल्या सर्वांत जुन्या विद्यार्थी संघटनेचं, म्हणजे क्वीन्स विद्यापीठातल्या १८५८ च्या एएमएसचंच आहे.

यूबीसीचे वर्ग आणि तिची एएमएस दोन्ही १९१५ मध्ये सुरू झाले. पॉइंट ग्रेवरचं, म्हणजे आताच्या कॅम्पसच्या जागेवरचं, बांधकाम पहिल्या महायुद्धामुळे थांबलं आणि वर्ग फेअरव्ह्यूमध्ये, व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलशेजारच्या लाकडी खोपट्यांत भरू लागले. सात वर्षं तसंच चाललं. १९२२ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी प्रांतभर फिरून ५६ हजारांच्या आसपास सह्या गोळा केल्या. २८ ऑक्टोबर १९२२ ला सुमारे १२०० जणांनी शहरातून मोर्चा काढला, पॉइंट ग्रेवर अर्धवट उभ्या असलेल्या सायन्स बिल्डिंगच्या लोखंडी सांगाड्यावर ते चढले आणि जाताना दगड रचून एक स्तंभ उभा करून गेले. तोच ‘ग्रेट ट्रेक’. सरकारने १५ लाख डॉलर मंजूर केले, १९२५ मध्ये वर्ग नव्या जागी आले. मेन मॉल या कॅम्पसमधल्या रस्त्यावरून जाता-येता दिसणारा दगडांचा ढीग तो हाच. तिथे पाटी आहे, पण थांबून वाचणारे थोडेच.

मोर्च्यापेक्षाही पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. व्यायामशाळेसाठी कर्ज काढायचं तर कायदेशीर अस्तित्व हवं, म्हणून एएमएसने १९२८ मध्ये संस्था म्हणून नोंदणी केली. १९२९ ला व्यायामशाळा झाली. मग स्टेडियम, १९४० ला ब्रॉक हॉल, १९५१ ला युद्धस्मारक जिम, साठच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी भवन, आणि २०१५ मध्ये सध्याचं विद्यार्थी भवन ‘नेस्ट’. यातल्या प्रत्येक वास्तूत विद्यार्थ्यांनी मत देऊन स्वतःवर लादून घेतलेल्या फीचा पैसा आहे. नेस्टचा खर्च १० कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि त्यातला मोठा वाटा विद्यार्थ्यांचा. म्हणून बिलातली इमारत-फी माफ होत नाही. ज्यांनी मत दिलं ते केव्हाच पदवी घेऊन गेले, हप्ते आत्ताचे भरताहेत. हे काहींना अन्यायाचं वाटतं. पण हेच विद्यार्थी सत्तरेक वर्षांपूर्वीच्यांनी फी भरून बांधलेल्या जिममध्ये खेळतात.

आता रोजच्या वापराचं. सगळ्यात पैसे वसूल करणारी सेवा म्हणजे यू-पास, विद्यार्थ्यांचा बस-गाडीचा मासिक पास. २००३ च्या सप्टेंबरमध्ये तो सुरू झाला तेव्हा महिन्याला २० डॉलर होता. आता तो दुपटीहून जास्त आहे, तरी साध्या मासिक पासच्या तुलनेत फारच स्वस्त. याचं कारण तो सक्तीचा आहे. बस वापरणारा आणि न वापरणारा दोघेही भरतात, म्हणून दर खाली राहतो. सूट अगदी ठरावीक कारणांसाठीच मिळते, ‘मी सायकलने येतो’ हे त्यात बसत नाही. पासात मेट्रो व्हँकुव्हरचे, म्हणजे शहर आणि उपनगरांचे, सगळे झोन येतात : बस, स्कायट्रेन (शहरातली मेट्रो), सीबस (प्रवासी बोट). वेस्ट कोस्ट एक्स्प्रेस ही उपनगरी गाडी मात्र पूर्ण येत नाही, तिला वरचे पैसे लागतात.

फी भरली म्हणजे पास सुरू झाला असं नाही. तो दर महिन्याला मागावा लागतो. आधी निळं, म्हणजे प्रौढांचं कंपास कार्ड (प्रवासभाड्याचं टॅप कार्ड) घ्यायचं (६ डॉलर अनामत). केशरी कार्ड सवलतीचं असतं, ते घेऊ नये. यू-पास बीसीच्या साइटवर विद्यापीठ निवडून कॅम्पस लॉगिनने आत जायचं, पहिल्या वेळी कार्डामागचा २० आकडी क्रमांक आणि ३ आकडी कोड टाकून कार्ड जोडायचं, आणि महिन्यासमोर खूण करून विनंती पाठवायची. पुढच्या महिन्याची खिडकी चालू महिन्याच्या १६ तारखेला उघडते. मोबाइलवर दर १६ तारखेचा गजर लावून ठेवा, त्याला दुसरा उपाय नाही.

विसरल्यावर काय होतं ते बघा. कार्डात काहीच पैसे नसतील तर १ तारखेला सकाळी फाटक उघडत नाही, चूक लगेच लक्षात येते. ‘असू देत’ म्हणून कार्डात वीस-तीस डॉलर भरून ठेवले असतील, तर यंत्र निमूटपणे प्रत्येक फेरीचं भाडं त्यातून कापत राहतं आणि आठवडाभर पत्ता लागत नाही. म्हणून यू-पासच्या कार्डात रोकड ठेवूच नये. शिवाय बसमध्ये फक्त चढताना टॅप, स्कायट्रेनला आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्हीदा. कार्ड हरवलं तर नवं जोडून त्या महिन्याचा पास पुन्हा मागावा लागतो. मित्राला कार्ड देणं नियमात बसत नाही. आणि हो, स्कायट्रेन अजून कॅम्पसपर्यंत येत नाही. ब्रॉडवे रस्त्याखालचा नवा बोगदासुद्धा कॅम्पसच्या बराच अलीकडे, अर्ब्युटस स्ट्रीटलाच संपतो. तेव्हा ब्रॉडवेवरून येणाऱ्या ९९ बी-लाइन बसच्या गर्दीला पर्याय हवा असेल तर ४१व्या अव्हेन्यूवरून येणारी आर४ बस बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ आरोग्य विम्याचा, कारण तिथे एकसारखी वाटणारी तीन नावं आहेत. ‘आयमेड’ हा नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून सुरुवातीपुरता लागणारा मूळ विमा. ‘एमएसपी’ हा प्रांताचा सरकारी विमा. त्याचा अर्ज स्वतः करायचा, प्रतीक्षा आल्या महिन्याचे उरलेले दिवस अधिक दोन महिने, आणि परदेशी विद्यार्थ्यांना महिना ७५ डॉलर शुल्क. अर्ज पोचल्या आठवड्यातच करा. आयमेड संपला आणि एमएसपी आला नाही तर मधला काळ उघडा पडतो. तिसरी एएमएस आणि पदव्युत्तर विद्यार्थी संघटनेची मिळून असलेली हेल्थ अँड डेंटल योजना. ती वरच्या दोन्हींऐवजी नसते, त्यांच्यावर असते : दात, चष्मा, दुकानातून घेतलेली औषधं, फिजिओथेरपी, समुपदेशन. एमएसपी यातलं बहुतेक देत नाही.

या योजनेतून बाहेर पडता येतं, पण सप्टेंबरमधल्या मोजक्या दिवसांतच, आणि तेवढ्याच दर्जाचा दुसरा पूरक विमा असल्याचा पुरावा देऊन. ‘माझ्याकडे एमएसपी आहे’ किंवा ‘आयमेड आहे’ हा पुरावा चालत नाही. भारतातून काढलेला प्रवासी विमा धरून चालू नका. नेमकी तारीख दरवर्षी बदलते, ती उलटली की पुढच्या ऑगस्टपर्यंतचे पैसे गेले. जानेवारीत येणाऱ्यांची मुदत जानेवारीतच असते.

दुसरी अडचण सुरुवातीच्या आठवड्यांची. सदस्यांची यादी पक्की होईपर्यंत दवाखाना किंवा औषधदुकान थेट योजनेकडे बिल पाठवू शकत नाही. तोवर आपण पैसे भरायचे, पावत्या जपायच्या आणि नंतर अ‍ॅपवर फोटो टाकून क्लेम करायचा. बँक खात्याचा तपशील आधीच भरून ठेवला की परतावा खात्यात येतो. वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं आणि दातांच्या खर्चाला वार्षिक मर्यादा आहे. मोठं काम असेल तर दंतवैद्याकडून आधी अंदाजपत्रक पाठवून मंजूर रक्कम विचारून घ्यावी, आणि जमलं तर काम दोन वर्षांत विभागावं, थोडं ऑगस्टमध्ये, उरलेलं सप्टेंबरमध्ये. योजनेच्या जाळ्यातला दंतवैद्य निवडला तर वर सूट मिळते. फक्त दात साफ करून घेतले आणि चष्म्यासाठी डोळे तपासले, तरी वर्षाच्या हप्त्याचा चांगला भाग निघतो. आपली मुलं नेमकं हेच करत नाहीत. दाढ सुजेपर्यंत थांबतात, नाहीतर भारतवारीवर ढकलतात.

बाकीच्या सेवांबद्दल थोडक्यात. सेफवॉक रात्री कॅम्पसच्या हद्दीत सोबत करते, दोघांची जोडी येते. हद्दीबाहेरच्या घरापर्यंत नाही, बसथांब्यापर्यंत. मोफत शिकवणी पहिल्या वर्षाच्या गणित-भौतिकी-रसायनसारख्या विषयांना चांगली, एमएससाठी आलेल्यांना निरुपयोगी. परीक्षेत किंवा असाइनमेंटमध्ये नक्कल केल्याचा आरोप आला तर विभागाला उत्तर लिहिण्याच्या आधी विद्यार्थ्यांना अशा प्रकरणात मदत करणाऱ्या एएमएसच्या अ‍ॅडव्होकसी ऑफिसला भेटा. घाबरून पाठवलेला सविस्तर माफीचा ईमेल नंतर मागे घेता येत नाही. एएमएसची ओम्बड्सपर्सन (तक्रारींत तटस्थ मदत करणारी अधिकारी) आणि विद्यापीठाची ओम्बड्सपर्सन ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. क्लबमधला किंवा संघटनेशी वाद असेल तर पहिलीकडे जायचं, प्राध्यापक-विभागाशी असेल तर दुसरीकडे.

लैंगिक अत्याचारपीडितांसाठीचं केंद्रही एएमएसच्या फीवर चालतं. २०१८ मध्ये त्याच्या सेवा बंद करण्याचा निर्णय झाला आणि विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे काही दिवसांतच मागे घेतला गेला. इथे दबाव चालतो, तो असा. याउलट १९१८ पासूनचं ‘द युबिसी’ हे वृत्तपत्र १९९४ मध्ये एएमएसनेच बंद पाडलं होतं. पुढच्याच वर्षी सार्वमताने त्याला वेगळी संस्था आणि स्वतःची फी मिळाली. बिलात त्या वृत्तपत्राची वेगळी ओळ दिसते ती त्यामुळे.

एएमएसची फूड बँक, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणारी सोय, विद्यार्थी ओळखपत्रावर चालते. टिकाऊ जिन्नस मिळतात, पिशवी आपली न्यायची, आणि टर्ममध्ये किती वेळा जाता येतं त्याला मर्यादा आहे. शहरातल्या ग्रेटर व्हँकुव्हर फूड बँकेने २०२४ मध्ये पहिल्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांना नकार द्यायला सुरुवात केली, तेव्हा ही कॅम्पसवरची सोय वेगळी आहे हे लक्षात असू द्या. मात्र ती खरोखर निकड असलेल्यांसाठी आहे, फुकट किराणा म्हणून जाऊ नये.

खाण्याचं म्हणाल तर नेस्टमधल्या ब्लू चिप कॅफेच्या कुकीज प्रसिद्ध आहेत त्या योग्यच. शाकाहारी जेवणासाठी नेस्टपेक्षा समोरच्या जुन्या विद्यार्थी भवनात, म्हणजे आताच्या लाइफ बिल्डिंगच्या तळघरात, विद्यार्थ्यांनीच चालवलेलं ‘स्प्राउट्स’ बघा. तिथे अधूनमधून ऐपतीप्रमाणे पैसे देऊन जेवण असतं. जेवण घ्यायला रिकामा डबा घरून न्यायचा, आणि उशिरा गेलात तर पातेलं रिकामं असतं.