एस पिचर ठरवायचा तर कोणती साइट उघडावी: बेसबॉल-रेफरन्स, फॅनग्राफ्स की सॅव्हंट?

बेसबॉलमध्ये एस म्हणजे संघाचा सर्वांत भरवशाचा, सामना सुरू करणारा पिचर (चेंडू टाकणारा). पिचरची आकडेवारी देणारी साइट पारखायची असेल, तर तिच्यासमोर २०२१ च्या नॅशनल लीग साय यंगचा, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, वाद ठेवून पाहावा. मिल्वॉकी ब्रूअर्सच्या कॉर्बिन बर्न्सचे २८ स्टार्ट (पहिल्या चेंडूपासून टाकलेले सामने), १६७ इनिंग (पूर्ण सामन्यात नऊ असतात), २.४३ ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात गेलेल्या धावा; कमी तितका चांगला), २३४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). फिलाडेल्फिया फिलीजच्या झॅक व्हीलरचे ३२ स्टार्ट, २१३ आणि एक तृतीयांश इनिंग, २.७८ ईआरए, २४७ स्ट्राइकआउट. पहिल्या पसंतीची मतं दोघांना १२-१२ आणि एकूण गुणांत बर्न्स १५१-१४१ असा जेमतेम पुढे. बर्न्स दर इनिंगमागे सरस होता. व्हीलरने मात्र ४६ हून जास्त इनिंगचं ओझं बुलपेनवर (मागून येणाऱ्या बदली पिचरांवर) पडू दिलं नाही, म्हणजे जवळजवळ पाच पूर्ण सामन्यांचं. एस कोण, हा प्रश्न बहुतेक वेळा इथेच अडतो, आणि तिन्ही साइट इथेच वेगवेगळ्या वाटांना लागतात.

बेसबॉल-रेफरन्सवर व्हीलर वॉरमध्ये (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय मिळवून दिले, त्याचा आकडा) बराच पुढे दिसतो. तिथला हिशेब प्रत्यक्ष दिलेल्या धावांपासून सुरू होतो. मग समोरचे संघ, मैदान आणि पाठीमागचं क्षेत्ररक्षण यांची वजाबाकी-बेरीज होते. फॅनग्राफ्सचा वॉर एफआयपीवर, म्हणजे क्षेत्ररक्षण बाजूला ठेवून पिचरला मोजणाऱ्या आकड्यावर, उभा आहे: होमरन गुणिले १३, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला मिळालेला फुकट बेस) आणि अंगावर लागलेले चेंडू गुणिले ३, यांच्या बेरजेतून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करायची, इनिंगने भागायचं आणि त्या हंगामाचा स्थिरांक मिळवायचा. (वॉर काढताना ते इनफील्डमधल्या उंच झेलांनाही स्ट्राइकआउटइतकाच मान देतात.) बर्न्सने त्या हंगामात ७ होमरन आणि ३४ वॉक दिले होते, त्यामुळे त्याचा एफआयपी १.६३ वर उतरला, व्हीलरचा २.५९. इतक्या कमी इनिंग टाकूनही फॅनग्राफ्सवर बर्न्स किंचित वर राहतो तो यामुळे.

यातला खरा आकडा कोणता, असं विचारण्यात अर्थ नाही. एफआयपी पिचरच्या हातात नक्की काय होतं ते सांगतो, धावांवरचा वॉर संघाच्या पदरात काय पडलं ते. एस ठरवताना दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, असं आमचं मत. पुढच्या वर्षी कोणाशी करार करावा हा प्रश्न असता, तर उलट सांगितलं असतं. फॅनग्राफ्सच्या व्हॅल्यू विभागात धावांवर आधारलेला आरए९-वॉरही मिळतो, हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. तो आणि मुख्य वॉर शेजारी ठेवले की दोन साइटच्या पद्धतींचा गोंधळ न होता फरक दिसतो.

पण बेसबॉल-रेफरन्सचं खरं बळ वॉरमध्ये नाही, पिचरच्या पानावर खाली असलेल्या स्टार्टिंग पिचिंगच्या तक्त्यात आहे. वरच्या मुख्य तक्त्यावरच थांबणाऱ्यांना हा भाग कधी दिसतच नाही. तिथले ‘आयपी/जीएस’ आणि ‘आरएस/जीएस’ हे रकाने आधी पाहावेत: दर स्टार्टला किती इनिंग टाकल्या आणि संघाने धावांचा किती आधार दिला. जेकब डीग्रोमने २०१८ मध्ये १.७० ईआरए राखूनही त्याचा जय-पराजय १०-९ होता. फेलिक्स हर्नांडेझने २०१० मध्ये २.२७ ईआरएवर १३-१२ केलं. दोघांना साय यंग मिळालं ते बरंच झालं. जय-पराजयावरून एस ठरवणाऱ्याला दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून दाखवावं.

त्याच तक्त्यात मागे सोडलेल्या धावपटूंचे दोन रकाने आहेत, ‘बीक्यूआर’ आणि ‘बीक्यूएस’. पिचर बाहेर गेला तेव्हा बेसवर किती जण होते आणि त्यांतल्या किती जणांनी पुढे धाव काढली, हे त्यांतून कळतं. त्याच्या जागी आलेल्या रिलीव्हरने ती धाव दिली तरी ती आधीच्या पिचरच्याच खात्यात जाते. दुबळं बुलपेन असलेल्या संघातल्या चांगल्या पिचरचा ईआरए फुगतो तो असा, आणि साध्या ईआरएमध्ये त्याचा मागमूस नसतो. क्वालिटी स्टार्टवर मात्र फार विसंबू नये. ६ इनिंगमध्ये ३ धावा दिल्या तरी तो मान मिळतो, आणि त्या दराने ईआरए ४.५० होतो. एससाठी ही अट फार सैल आहे.

स्प्लिट्सच्या (परिस्थितीनुसार फोडलेल्या आकड्यांच्या) पानावर, त्याच सामन्यात तोच बॅटर तिसऱ्यांदा समोर आल्यावर काय होतं, ते पाहावं. पहिल्या दोन फेऱ्यांत उत्तम आणि तिसरीत कोसळणारा पिचर रोटेशनमध्ये (आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्यांत) उपयोगी असतो, पण सातव्या इनिंगला त्याच्यावर कोणी विश्वास टाकत नाही. यात एक सापळा आहे: ज्या दिवशी मार पडतो त्या दिवशी मॅनेजर त्याला तिसऱ्या फेरीपूर्वीच काढतो. म्हणजे तिसऱ्या फेरीचा आकडा मुख्यतः चांगल्या दिवसांचा असतो. किती बॅटरांविरुद्धचा तो आकडा आहे, हे पाहिल्याशिवाय बोलू नये.

सॅव्हंट ही एमएलबीची (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बेसबॉल लीगची) स्वतःची साइट आहे आणि फुकट आहे. दिसायला सर्वांत देखणी, आणि या प्रश्नासाठी सर्वांत फसवी. लाल-निळ्या पट्ट्यांवर वेग, चुकवलेल्या बॅटचं प्रमाण, ताशी ९५ मैल किंवा त्याहून जोरात बसलेल्या फटक्यांचं प्रमाण, सगळं पर्सेंटाइलमध्ये येतं, म्हणजे शंभरातल्या किती जणांपेक्षा तो सरस आहे ते. पण ते जवळपास सगळे दर आहेत. इनिंग किती टाकल्या याची तिथे पट्टीच नाही. शिवाय एक इनिंग पूर्ण ताकदीने टाकणारे रिलीव्हरही त्याच रांगेत असतात, त्यामुळे स्टार्टरचा वेग उगाच सामान्य वाटतो. पिचर अचानक का बिघडला किंवा सुधारला, हे शोधायला सॅव्हंटसारखं दुसरं काही नाही. एस कोण, हे तिथे विचारू नये.

हिशेब हमखास चुकतो अशा काही जागा. इनिंगमधला ‘.१’ म्हणजे एक दशांश नव्हे, एक तृतीयांश. व्हीलरचा २१३.१ तसाच एक्सेलमध्ये टाकून भागाकार केला की सगळे दर थोडे बिघडतात. हंगामात संघ बदललेल्या पिचरच्या दोन्ही संघांच्या ओळी आणि वर एकूण ओळ असते. सीएसव्हीची (उतरवून घेतलेल्या तक्त्याच्या फाइलची) बेरीज करताना ती दुप्पट होते. बेसबॉल-रेफरन्सचा ईआरए प्लस जितका जास्त तितका चांगला, फॅनग्राफ्सचा ईआरए मायनस जितका कमी तितका चांगला. दोन्हीकडे सरासरी १००.

तिन्ही साइटवरची एक उणीव सारखीच आहे. हंगामाच्या मुख्य आकड्यांत पोस्टसीझन (नियमित हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने) येत नाही. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मॅडिसन बमगार्नरचा २०१४ चा नियमित हंगाम २.९८ ईआरएचा, चांगला पण डोळे दिपवणारा नव्हे. त्याच वर्षी पोस्टसीझनमध्ये त्याने ५२ आणि दोन तृतीयांश इनिंगमध्ये १.०३ ईआरए ठेवला आणि वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर येऊन ५ इनिंग एकही धाव दिली नाही. जायंट्सचा एस कोण, हे त्यानंतर कोणाला विचारावं लागलं नसेल. बेसबॉल-रेफरन्सवर पोस्टसीझनचा तक्ता निदान त्याच पानावर वेगळा मिळतो.

जाहिराती बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स दोन्हीकडे आहेत, आणि रुंद तक्ते फोनवर आडवे सरकवत बसावे लागतात. हे काम संगणकावरच करावं. पैसे भरून मिळणारं स्टॅटहेड फक्त संपूर्ण लीगमधून अटी घालून सामने गाळायचे असतील तरच घ्यावं. चार-पाच पिचरांची तुलना त्यांच्या गेम लॉगमधून (सामन्यागणिक नोंदींतून) फुकटात होते.