झाडांची शास्त्रीय चित्रं: वॉटरकलर घ्यायचा की काळं पेन?

कोणी ना कोणी विचारतंच, बोटॅनिकल ड्रॉइंग शिकायचंय तर रंगाने सुरुवात करू की पेनने? मी दोन्हीत पैसे घालवलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक लक्षात घ्या, या चित्रावरून झाड ओळखता आलं पाहिजे. पाकळ्या किती, पुंकेसर कुठून निघतात, पानं समोरासमोर की एकाआड एक, हे चुकलं तर रंग कितीही गोड असू दे, उपयोग शून्य.

मागच्या मे महिन्यात परळला रस्त्यावर तामणाचा ताजा तुरा पडलेला मिळाला, घरी आणून वॉटरकलरने बसलो, आणि पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सुकेपर्यंत पाकळ्यांनी मान टाकली, जांभळ्याचा फिका गुलाबी झाला, मग मी नक्की कुठला रंग लावतोय हेच कळेना. दुसऱ्या दिवशी नवीन फूल आणून पेन घेतलं. आधी पेन्सिल आणि डिव्हायडरने मापं, मग शाई. तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की सहाही चुरगळलेल्या पाकळ्या तळाशी एकदम बारीक देठासारख्या होतात आणि कळीवर उभे कंगोरे असतात. रंगाच्या नादात हे मी चक्क गाळलं होतं!

खर्चाचं म्हणाल तर पेन कुठल्या कुठे स्वस्त. आयव्हरी शीट (गुळगुळीत जाडसर कागद), 0.1 आणि 0.3 मिमी टोकाची वॉटरप्रूफ पेनं, झालं. वॉटरकलरला गुळगुळीत हॉट प्रेस कागद लागतो, 300 जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कॉटनवाला घेतला तर खिसा हलका होतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो जपणं म्हणजे लोणचं जपण्यासारखं, दमट हवेने माझ्या अख्ख्या पॅडवर तपकिरी ठिपके आले. जुलैत वॉशही लवकर सुकत नाही.

पेनचा त्रास म्हणजे शाई खोडता येत नाही, आणि सावली ठिपक्यांनी द्यायची तर एका पानाला संध्याकाळ जाते. मान धरते ती वेगळीच.

रंगाशिवाय चित्र अपुरं वाटेल असं म्हणत असाल तर 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा जुना लॅटिन ग्रंथ बघा, 1678 ते 1693 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेले 12 खंड, त्यात रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी वैद्यांचाही हात होता. चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, नुसत्या रेषा, तरी पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्यांचा आधार घेतला.

पण पिकलेलं फळ, पालवीचा तांबूसपणा, अशा गोष्टी रेषेत येतच नाहीत, तिथे वॉटरकलरला पर्याय नाही. भिंतीवर लावायला, विकायलाही तोच बरा. यावर मधला मार्ग फर्डिनांड बाउअर या वनस्पती-चित्रकाराचा: 1801 पासूनच्या ऑस्ट्रेलियाच्या सफरीत तो पेन्सिल स्केचवर रंगांचे नंबर लिहून ठेवायचा आणि रंगकाम नंतर सावकाश करायचा. मी आता तसंच करतो, रेषा पेनने आणि कडेला रंगाचे चार छोटे चौकोन.

तर नवीन असाल तर सहा महिने पेनच. हात आधीच रंगात बसलेला असेल तर वॉटरकलर घ्या, पण दिवाळीनंतर सुरू करा. सरावाला राणीची बाग मस्त, फुलं तोडायची नाहीत, पडलेली बघायची. बुधवारी मात्र जाऊ नका, बंद असते, मी दोनदा गेटवरून परत आलोय.